तिघींचा शब्द कुणी ऐकला?

२५ जुलै २०२५ रोजी भिलाईला लागून असलेल्या दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन कॅथलिक नन आणि एक आदिवासी तरुण यांना अटक झाली. तक्रार बजरंग दलाची. आरोप मानवी तस्करी आणि धर्मांतराचा. सोबत नारायणपूरकडच्या तीन आदिवासी तरुणी होत्या, नोकरीसाठी आग्र्याला निघालेल्या. तिघी सज्ञान. आपण स्वखुशीने निघालो, असे त्यांनी सांगितले; घरच्यांनीही तेच सांगितले. तरीही जामीन मिळायला २ ऑगस्ट उजाडला.

आदिवासी बाईला एक तर कुणी फसवतो, नाही तर कुणी वाचवतो. ती स्वतः ठरवू शकत नाही, ही समजूत मनुवादीच आहे. संविधानाच्या अनुच्छेद १९ आणि २५ मधले संचाराचे व श्रद्धेचे स्वातंत्र्य तिचेही आहे.

हाच प्रश्न चर्चलाही विचारायला हवा. तुमच्या शाळा-दवाखान्यांत आदिवासी फक्त लाभार्थी आहेत, की निर्णय घेणारेही?

भागीदारी कशी असते, हे याच भागाने दाखवले आहे. भिलाई पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरातील खाणमजुरांनी १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभे केले. डॉक्टर बाहेरून आले, पण दवाखाना मजुरांचाच राहिला.

आपल्या घरातले आपण पहिले पदवीधर. उद्या एखाद्या संस्थेतर्फे पाड्यावर जाल, तेव्हा लाभार्थ्यांची यादी नंतर करा. आधी बघा, निर्णयाच्या बैठकीत त्या पाड्यातले कोण बसले आहे?