उशिरा आलेले बरोबर उत्तर

शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत मोटारी, शीतकपाटे व रसायने तयार होतात, त्यांत कामगाराच्या हाताइतकाच संगणकाच्या आज्ञावलीचाही वाटा असतो. या आज्ञावलीविषयी सुशिक्षित वर्गातही एक गैरसमज आढळतो. कचेरीत पगारपत्रके काढणारा संगणक आणि कारखाना चालविणारा संगणक एकाच जातीचे, असे आपण समजून चालतो. वस्तुतः पगारपत्रक तासभर उशिरा निघाले तर फार तर कुरकुर होईल. परंतु रसायनाच्या रिॲक्टरमधील तापमान चढू लागले असता थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडण्याचा हुकूम वेळेवर सुटला नाही, तर तो बरोबर असूनही निरुपयोगी ठरतो. येथे उशीर हीच चूक.

म्हणून अशी आज्ञावली रचणाऱ्याने प्रथम बिघाडाचाच विचार करावयाचा असतो. वीज गेली किंवा तापमापकाची तार तुटली, तर व्हॉल्व्ह कोणत्या स्थितीत राहील? नित्याचे नियंत्रण आणि संकटकाळी कारखाना बंद करणारी यंत्रणा स्वतंत्र असावी, हा या क्षेत्रातील मान्य संकेत आहे. एक पहारेकरी झोपला तर दुसरा जागा हवा, इतकी ही साधी गोष्ट. पण काटकसरीच्या नावाखाली पहिली कात्री लागण्याचा धोका तिलाच असतो.

याहून अवघड प्रश्न माणसाचा आहे. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला. त्यापूर्वीच्या अखेरच्या ११ मिनिटांत दोघा चालकांपुढे धोक्याच्या २७५ सूचना येऊन आदळल्या. म्हणजे दर अडीच सेकंदांस सुमारे एक! शिवाय पडद्यावर उघडा दिसणारा एक व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद होता. यंत्रणा बोलत होती, पण तिच्या बोलण्यातून नेमके काय करावे हे कळण्यास वाव नव्हता.

ऑगस्ट २०१९ मध्ये कुरकुंभच्या एका रासायनिक कारखान्यास आग लागली, तेव्हा आसपासच्या वस्तीला रात्री घरे सोडावी लागली. त्या आगीचा दोष आज्ञावलीकडे होता असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. तथापि अशा वसाहतीत नियंत्रणकक्षातील चुकीची किंमत कुंपणाबाहेरच्या लोकांनाही मोजावी लागते, एवढे त्यावरून ध्यानात यावे. आज्ञावलीचा रचनाकार दूर शहरात बसतो; रात्रपाळीचा चालक मात्र पंचक्रोशीतला असू शकतो, आणि कोणती सूचना खरी व कोणती नेहमीचीच खोटी, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. ते ज्ञान आज्ञावलीत उतरावयास हवे. पडद्यावरील धोक्याच्या सूचना मराठीतूनही देण्यास, आणि नवी आज्ञावली स्वीकारण्यापूर्वी अभियंत्याच्या सहीशेजारी त्या चालकाचीही सही घेण्यास, कारखानदारांची काय हरकत असावी?