गांजाचा परवाना आणि गावाचे मत

गांजा कायदेशीर करावा की नाही, हा वाद जगभर चालू आहे. आपल्याकडे १९८५च्या केंद्रीय कायद्याने गांजा निषिद्ध असला, तरी तो खुला करावा अशी मागणी अधूनमधून होतच असते. परंतु बंदी की परवानगी, एवढाच प्रश्न मांडणे ही भांडवलदारांच्या सोयीची मांडणी होय. परवाना कोणाच्या हाती, नफा कोणाच्या पदरी आणि नकाराचा अधिकार कोणाला, हा खरा प्रश्न आहे.

कॅनडाने २०१८ मध्ये विक्री खुली केली आणि शेअरबाजारातील कंपन्या त्या धंद्यात उतरल्या. जर्मनीने २०२४ मध्ये दुकानांना मज्जाव केला. जास्तीत जास्त ५०० सभासदांच्या, नफा न कमावणाऱ्या मंडळांना केवळ सभासदांपुरती लागवड करू दिली. नियंत्रणाच्या तऱ्हा अनेक आहेत. निवड राजकीय असते.

आपल्या राज्यकर्त्यांची निवड महाड-पोलादपूरच्या जनतेला नवी नाही. १८९२च्या मोहाच्या कायद्याने इंग्रजांनी ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवर निर्बंध घातले, ते आबकारीचे उत्पन्न राखण्यासाठी. स्वराज्यातही तिजोरीची तहान तीच! जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढविले, तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील, हाच हिशेब पुढे ठेवला.

आणि गावाचा नकार? दारूचे दुकान मतदानाने बंद करण्याची सोय २००८च्या नियमांत आहे. मात्र तेथे झालेल्या मतांचे बहुमत पुरत नाही. यादीतील निम्म्याहून अधिक मतदारांनी बाटली 'आडवी' करावी लागते. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतील माणसे पोटासाठी मुंबईला असतात, कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. नाव यादीत आणि माणूस परगावी! अशा प्रत्येक गैरहजर मतदाराचे मत जणू 'उभ्या' बाटलीलाच पडते. आमदार मात्र झालेल्या मतांवर निवडून येतो. आमदारापेक्षा बाटलीला अधिक संरक्षण देणारी ही लोकशाही कोणती?

उद्या गांजाची दुकाने निघालीच, तर ती याच यंत्रणेच्या हाती जातील. म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव आजच मागणी लावून धरावी: झालेल्या मतांचे बहुमत ग्राह्य धरा, आणि मतदान शिमग्या-गणपतीत, चाकरमानी गावी असताना घ्या. हा हक्क मिळेपर्यंत कोणत्याही नव्या नशेच्या परवान्याला आपला विरोधच राहिला पाहिजे.