शरणागत आणि सेवेकरी

नाताळच्या देखाव्यात गोठा असतो, गव्हाण असते, मेंढपाळ आणि पूर्वेकडून आलेले ज्ञानी असतात. त्या कथेचे पुढचे पान मात्र देखाव्यात क्वचितच येते. मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे, हेरोद राजा बालकाच्या जिवावर उठला तेव्हा योसेफ त्या तान्ह्याला आणि मरीयेला घेऊन रातोरात मिसर देशात निघून गेला आणि राजा मरेपर्यंत तेथेच राहिला. ज्याचा जन्मोत्सव आज जगभर साजरा होत आहे, तो आयुष्याच्या आरंभीच परमुलखात आश्रयाला गेलेला होता. ख्रिस्ती मंडळ्या निर्वासितांच्या छावण्यांकडे आपली सेवापथके धाडतात तेव्हा त्यांना या पानाचे स्मरण असते. म्हणूनच त्या सेवेची चिकित्सा करण्यास आजचा दिवस उचित आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या हिशेबानुसार २०२४ च्या अखेरीस जगात बारा कोटींहून अधिक माणसे बळाने आपल्या घरांतून उखडली गेलेली होती. एवढ्या संख्येपुढे मन बधिर होते, म्हणून एकच ठिकाण डोळ्यांपुढे ठेवू. ग्रीस देशाचे लेस्बॉस हे बेट तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून सर्वांत अरुंद जागी जेमतेम दहा किलोमीटरवर आहे. २०१५ या एका वर्षात साडेआठ लाखांवर माणसे समुद्रमार्गे ग्रीसमध्ये उतरली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक या एका बेटावर. सिरिया, अफगाणिस्तान, इराक येथील ही कुटुंबे रबरी होड्यांत दाटीवाटीने बसून येत आणि कित्येक होड्या किनारा गाठतच नसत.

त्या किनाऱ्यावर अमेरिकेतून आणि युरोपातील अनेक देशांतून चर्चची पथके येऊ लागली. दोन-तीन आठवड्यांची रजा, बहुधा स्वतःच्या किंवा आपल्या मंडळीने वर्गणी करून दिलेल्या पैशाचे विमानभाडे, आणि तेथे पोचल्यावर कपडे वाटणे, तंबूंत जागा लावून देणे, तान्ह्यांचे दूध पोचवणे, रांगा सांभाळणे अशी कामे. या मंडळींची थट्टा करणे फार सोपे आहे. छायाचित्रे काढण्यापुरते येतात, पुण्याची सहल करतात, असे म्हटले गेले आणि काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. पण भिजून कुडकुडणाऱ्या मुलाच्या अंगावर कोरडी घोंगडी घालणारा माणूस किती दिवसांसाठी आला आहे, याची चौकशी ते मूल करीत नाही. पंढरीच्या दर्शनबारीत रात्र काढणाऱ्याला रांगेच्या शेवटी काय आहे हे ठाऊक असते. छावणीतल्या रांगेत उभ्या असलेल्याला तेही ठाऊक नसते, आणि अशा रांगेपाशी गोड बोलणारे कोणी असणे ही लहान गोष्ट नव्हे.

खरा पेच मार्च २०१६ मध्ये उभा राहिला. युरोपीय संघाने तुर्कस्तानशी करार केला आणि त्यानंतर बेटावर उतरणाऱ्यांना पुढे जाऊ न देता तेथेच अडकवून ठेवण्यात येऊ लागले. मोरिया येथील नोंदणीची छावणी एकाएकी कोंडवाडा झाली. ‘मेडिसां सां फ्रॉन्तिए’ या डॉक्टरांच्या विख्यात संघटनेने अशा व्यवस्थेचा भाग होण्यास नकार देऊन छावणीतील आपले काम थांबवले. धार्मिक पथकांपैकी काही मात्र आत राहिली. तत्त्वासाठी बाहेर पडणारे बरोबर, की तुरुंगाचे तुरुंगपण पुसट करण्याचा दोष पत्करूनही आत राहणारे? माझा कौल राहणाऱ्यांकडे झुकतो. परंतु डॉक्टरांनी दिलेला इशारा खोटा ठरला नाही. सुमारे तीन हजारांसाठी असलेल्या त्या छावणीत २०२० च्या आरंभी वीस हजारांच्या जवळपास माणसे कोंबलेली होती, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आगीत ती भस्मसात होऊन बारा हजारांहून अधिक लोक रस्त्यावर आले.

आता ज्या प्रश्नावर आपल्याकडे तत्काळ भुवया उंचावतात त्याकडे वळतो. २०१६ मध्येच मोरियातील काही स्वयंसेवकांनी मुसलमान निर्वासितांत धर्मांतराचे आवाहन असलेली अरबी पत्रके वाटल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. कोंडलेल्या, उपाशी माणसाच्या हाती भाकरीबरोबर पोथी ठेवणे हा गैरप्रकार आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. वारकरी संप्रदायात तुकोबांनी घालून दिलेला दंडक असा, की जेथे हरिकथा सांगायची तेथे जेवणसुद्धा घ्यायचे नाही, मग दक्षिणा तर दूरच. (हा दंडक आज किती कीर्तनकार पाळतात, हे विचारू नये. उत्तर अवघड जाईल.) त्याचे मर्म असे, की कथा आणि अन्न यांचा व्यवहार एकमेकांत मिसळला की दोन्ही नासतात. सांगणाऱ्याने खाल्ले तर कथा विकली जाते. छावणीत गोष्ट उलटी घडते. तेथे सांगणाराच खाऊ घालतो आणि ऐकणाऱ्याचा होकार विकत घेतला जातो.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणून केडगावला सांभाळल्या. त्या जगल्या, शिकल्या आणि त्यांतल्या पुष्कळ ख्रिस्ती झाल्या. यातले एकच सत्य घेऊन आपल्याकडचे दोन पक्ष शंभर वर्षे भांडले. धर्मांतराने व्यथित झालेल्यांनी त्या मुलींसाठी आधी किती पंगती मांडल्या होत्या, हाही प्रश्न त्या भांडणात यायला हवा होता. तो फारसा आला नाही.

युरोपात या प्रश्नाला कायद्याचीही गाठ बसली आहे. इराण किंवा अफगाणिस्तानातून आलेल्याने बाप्तिस्मा घेतला, तर परत पाठवल्यास त्याच्या जिवाला धोका आहे असे ठरू शकते आणि आश्रयाचा दावा बळकट होतो. मग न्यायाधीशाला त्याच्या श्रद्धेची परीक्षा घ्यावी लागते. खरोखर श्रद्धा जडलेल्यावरही संशयाचे सावट पडते, आणि बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याला आपण संस्कार करतो आहोत की दाखला देतो आहोत, हे कळेनासे होते. श्रद्धेची अशी विटंबना कोणत्याच धर्माच्या माणसाला सुखावणार नाही.

‘निर्वासित’ हा शब्द माणसाकडून काय हिरावले गेले एवढेच सांगतो. ‘शरणार्थी’ हा शब्द तो काय मागतो ते सांगतो. अमरकोशात ‘शरण’ या शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत, घर आणि रक्षणकर्ता. म्हणजे शरण मागणारा नुसती दया मागत नाही, घर मागतो. वाल्मीकींच्या युद्धकांडात बिभीषण समुद्रकाठी येऊन उभा राहतो तेव्हा सुग्रीव घाबरतो. शत्रूचा भाऊ आहे, हेर असेल, घात करील. आजच्या कोणत्याही देशाच्या गृहमंत्र्याचे भाषण याहून वेगळे नसते. रामाने ती शंका ऐकून घेतली आणि तरीही अभय दिले, स्वतः रावण आला असता तरी दिले असते असे सांगून. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. समुद्राचे पाणी आणवून बिभीषणाला तेथेच लंकेचा राज्याभिषेक करविला. शरण आलेल्याला आडोशाबरोबर अधिकार मिळाला.

या कसोटीला उतरणारे काम ख्रिस्ती मंडळ्यांनीच केले आहे, ते पंधरवड्याच्या पथकांपेक्षा कमी गाजले इतकेच. डिसेंबर २०१५ मध्ये सांत एजिडिओ हा कॅथलिक समुदाय, इटलीतील प्रोटेस्टंट मंडळ्यांचा महासंघ आणि वाल्देन्सियन चर्च यांनी इटलीच्या सरकारशी करार केला. लेबनॉनमधून आजारी माणसे, लेकुरवाळ्या स्त्रिया, वृद्ध अशांची निवड करायची, त्यांना रीतसर व्हिसा मिळवून द्यायचा आणि होडीऐवजी विमानाने आणायचे. आल्यावर घर, भाषेचे शिक्षण, मुलांची शाळा या सर्वांचा खर्च मंडळ्यांचा. पहिला करार दोन वर्षांत एक हजार माणसांचा होता. पुढे फ्रान्स व बेल्जियमनेही ही वाट चोखाळली. निवडीत धर्म विचारला जात नाही. १६ एप्रिल २०१६ रोजी पोप फ्रान्सिस लेस्बॉसहून परतताना कागदपत्रे पूर्ण असलेली तीन सिरियन कुटुंबे, एकूण बारा माणसे, आपल्या विमानातून घेऊन गेले. ती सर्व मुसलमान होती. रोममध्ये त्यांचा भार सांत एजिडिओनेच उचलला.

कोल्हापूरकरांना यात ओळखीचे काही सापडेल. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाच्या श्रमछावण्यांतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतांशी स्त्रिया व मुले, १९४३ पासून युद्धानंतरही काही काळ वळिवडे येथे राहिले. त्यांची शाळा होती, त्यांचे चर्च होते, नाताळ त्यांच्या रीतीने होत असे. तो आश्रय देताना त्यांचा धर्म बदलावा असे कोणी सुचवले नाही.

लेस्बॉसला सर्वाधिक उत्साहाने पथके धाडणाऱ्या देशांत अमेरिका होती. त्याच अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांचा प्रवेश थांबवला आणि ऑक्टोबरमध्ये पुढील वर्षाची मर्यादा ७,५०० वर आणली. निर्वासितांना तेथे वसवण्याचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या अनेक संस्था चर्चशी निगडित आहेत, आणि त्यांतल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने सरकारशी असलेले या कामाचे करार २०२५ मध्ये संपवले. या नाताळानंतरही पथके परदेशी छावण्यांकडे निघतील. त्यांनी अवश्य जावे. घोंगड्या तेथे लागतातच. परत आल्यावर मात्र आपल्या गावच्या प्रतिनिधीला गाठून विचारावे, की ज्यांना आम्ही तेथे भेटलो त्यांना येथे येऊ का देत नाही? चर्चमध्ये छायाचित्रे दाखवण्यापूर्वी ते विचारले, तर बरे.