धनुष्यही लावावे लागते

तंबोरा नीट लागल्यावाचून गवई बैठक सुरू करीत नाही आणि तंबोरा उतरला तर त्याचा दोष जाणता श्रोता गवयाच्या गळ्याला देत नाही. संगीतात आपण दाखवितो तो विवेक मैदानावर मात्र आपणांस सोडून जातो. बाण चुकला की ‘मुलाचे लक्ष नव्हते’ असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. अर्जुनाला दिसलेला पक्ष्याचा डोळा आपल्या मनावर बालपणीच बिंबलेला असतो. गांडीवाची जुळणी कोण पाहत होते, हे विचारण्याचे मात्र कोणास सुचत नाही.

हा प्रश्न आज विचारण्यास कारण आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात एकाच दिवशी विश्वविजेते झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जालन्याच्या शेजारच्या बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत जगातील अग्रमानांकित माइक श्लोसर याला १४९-१४८ असे नमविले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये या धनुष्याच्या मिश्र सांघिक स्पर्धेचा प्रथमच समावेश होणार आहे. शेजारच्या जिल्ह्यात जे घडले ते जालन्यात का घडू नये, असे येथील विद्यार्थ्यांना वाटले तर ते स्वाभाविकच आहे. मात्र त्यासाठी केवळ हौस आणि सत्कार पुरेसे नाहीत.

कंपाउंड धनुष्य हे बांबूच्या कामठ्याहून अगदी निराळे यंत्र आहे. अमेरिकेतील हॉलिस अ‍ॅलन यांना त्याचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले. त्याच्या दोन्ही टोकांना ‘कॅम’ नावाची चाके असतात. प्रत्यंचा पूर्ण ओढली की या चाकांमुळे हातावरचा भार पुष्कळच हलका होतो आणि नेम स्थिरपणे धरता येतो. परंतु दोन्ही चाके एकाच क्षणी फिरली नाहीत, बाणाचा टेकू किंचित बाजूला सरला, किंवा प्रत्यंचेवर बाणाची खाच बसते ती जागा वरखाली झाली, तर बाण सरळ न सुटता शेपूट हलवीत जातो. दोऱ्याही वापराने ताणतात आणि काल जुळलेले धनुष्य आज बिघडलेले असू शकते.

हा बिघाड किती सूक्ष्म असतो, ते गणिताच्या शिक्षकांनी फळ्यावर मांडून पाहावे. या प्रकारात लक्ष्य ५० मीटरवर असते आणि दहा गुणांच्या वर्तुळाची त्रिज्या अवघी ४ सेंटीमीटर असते. दिशेत मीटरमागे एक मिलिमीटर फरक पडला, तर ५० मीटरवर तो ५ सेंटीमीटर होतो. म्हणजे बाण दहाच्या बाहेर गेला!

हा दोष शोधण्याची रीत मात्र साधी आहे. चौकटीवर कागद ताणून बसवायचा, मागे सुरक्षित आडोसा ठेवायचा आणि दोन मीटरांवरून बाण सोडायचा. कागदाला गोल भोक पडून त्याभोवती पिसांच्या चिरा समान उमटल्या, तर बाण सरळ गेला. पिसांची चीर टोकाच्या भोकावर गेली, तर बाणाचे शेपूट उंच होते. मग खाचेची जागा जरा खाली घ्यावी किंवा टेकू वर उचलावा. चीर बाजूला गेली तर टेकू केसभर सरकवावा. चाकांची जुळणी आणि धनुष्याच्या जोराला साजेसा बाण यांची खात्री मात्र आधी करावी, आणि एका वेळी एकच बदल करावा.

ही तपासणी झाली नाही, तर नुकसान केवळ गुणांचे होत नाही. बिघडलेल्या धनुष्याशी जुळवून घेण्यासाठी मूल आपला खांदा, मनगट आणि पकड वाकडी करून घेते, आणि यंत्राचा दोष शरीरात मुरतो. काही लाखांचे साहित्य कर्ज काढून घेणारा पालक हताश होतो तो निराळाच. अदितीचे वडीलही गणिताचे शिक्षक आणि कर्ज काढून मुलीला उभे करणारे. अशा पालकांची मिळकत जुळणीअभावी वाया जाऊ देणे हा त्यांच्यावर अन्याय होय.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. आज हे गाव पोलाद आणि बियाण्यांसाठी ओळखले जाते. माप काटेकोर धरणारे, यंत्राचा कानोसा घेणारे हात येथे आहेत. जिल्हा क्रीडा यंत्रणेने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या साहाय्याने धनुष्याच्या जुळणीचे एक टेबल कायम चालवावे. दोऱ्या उतरविण्याचा दाबयंत्राचा साचा, कागदाची चौकट, वजनकाटा आणि हे काम शिकलेला एक माणूस, एवढ्यावर ते उभे राहू शकते. यात भव्य इमारतीची आवश्यकता नाही आणि उद्घाटनाच्या फितीचीही नाही.

एकाग्रता आणि सराव यांचे मोल यामुळे कमी होत नाही. परंतु ‘लक्ष दे’ असे मुलाला बजावण्यापूर्वी एकदा कागद फाडून पाहण्याचे कष्ट मोठ्यांनी घ्यावेत. कागदाला कोणाचीही भीड नसते.