ओळखीचे कमिशन : बॉस्टन ते नवी मुंबई

१/ 'माझ्या लिंकवरून खाते उघड, दोघांनाही पैसे मिळतील.' क्रिप्टोच्या रेफरलचा हा निरोप आता अनेकांच्या परिचयाचा झाला आहे. चलन नवे असले तरी ओळखीवर कमिशन कमावण्याची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. तिचा इतिहास पाहू. शेवटी माझे मतही मांडतो. #थ्रेड

२/ बॉस्टन, १९२०. चार्ल्स पॉन्झी हा इटालियन स्थलांतरित ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे वचन देत होता. टपालखात्याची आंतरराष्ट्रीय कुपने एका देशात स्वस्तात घेऊन दुसऱ्या देशात वटवतो, असा त्याचा दावा. गुंतवणूकदार आणणाऱ्या दलालांना कमिशन मिळे.

३/ प्रत्यक्षात कुपनांचा व्यवहार नाममात्र होता. जुन्यांचा 'नफा' नव्यांच्या मुदलातून भागवला जाई. 'बॉस्टन पोस्ट' या वृत्तपत्राने प्रकरणाचा पिच्छा पुरवला आणि ऑगस्टमध्ये हा डोलारा कोसळला. त्या कामगिरीसाठी वृत्तपत्राला १९२१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

४/ आता भारताकडे वळू. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज अभ्यासगटाने बक्षीस-चिटसारख्या योजनांवर बंदीची शिफारस केली. त्यातून १९७८ चा 'प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) ॲक्ट' आला.

५/ या कायद्याची व्याख्या मुळातून वाचावी अशी आहे. सदस्यनोंदणीवर अवलंबून असलेल्या झटपट पैशाचे आमिष, हा तिचा गाभा. कलम ३ योजना चालवणाऱ्याला मनाई करतेच, शिवाय तिचा सदस्य होण्यास आणि तिच्यापोटी पैसे घेण्यासही मनाई करते. 'मी फक्त लिंक पाठवली' हा बचाव इथे लंगडा पडतो.

६/ २०१४ मध्ये बल्गेरियातून 'वनकॉइन' अवतरले. रुजा इग्नातोवा हा त्याचा चेहरा. 'शिक्षण पॅकेज' विकत घ्या, पुढे माणसे जोडा, कमिशन मिळवा. खरी ब्लॉकचेन या नाण्यामागे नव्हतीच. अमेरिकी तपासयंत्रणांच्या मते लोकांनी यात ४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम ओतली.

७/ एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत वनकॉइनसाठी सदस्य जमवण्याचा मेळावा भरला. पोलिसांनी धाड घालून १८ जणांना अटक केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इग्नातोवा सोफियाहून अथेन्सला गेली आणि बेपत्ता झाली. सूत्रधार निसटली, गजाआड गेले ते माणसे जमवणारे.

८/ हे डोलारे कोसळतात ते साध्या गणिताने. प्रत्येकाने ६ माणसे आणायची म्हटली, तर तेराव्या पायरीवर १३०० कोटींहून अधिक माणसे लागतात. पृथ्वीची लोकसंख्या सुमारे ८०० कोटी. म्हणजे शेवटच्या पायऱ्यांवरच्यांसाठी माणूस उरतच नाही, आणि बहुसंख्य सदस्य त्याच पायऱ्यांवर असतात.

९/ सगळे रेफरल एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. एखादा एक्स्चेंज स्वतःच्या व्यवहारशुल्कातला वाटा देत असेल, तर ती जाहिरात आहे. नव्या माणसाच्या ठेवीतूनच जुन्याला पैसे मिळत असतील, तर तो पॉन्झीचाच वारसा. प्रश्न एकच विचारावा : नवे लोक येणे थांबले, तर पैसे कुठून येतील?

१०/ माझे मत असे. इतिहासाच्या अभ्यासकाला साधनचिकित्सा शिकवली जाते : हे कोणी लिहिले, त्यात त्याचा स्वार्थ कोणता? रेफरल पाठवणारा मित्र हा हितसंबंधी साक्षीदार असतो. तो खोटारडा असेलच असे नाही. पण त्याच्या साक्षीचे मोल चुकते झालेले असते.

११/ आणि लिंक पाठवणारे आपण असू, तेव्हा? मावशीने पैसे गुंतवले ते आपल्या शब्दावर; ब्लॉकचेन तिला ठाऊक नसते. बुडालेली रक्कम निदान फिर्यादीत नोंदवली जाते. घराघरांत धरलेल्या अबोल्याची नोंद कोणत्याही दफ्तरात सापडत नाही. म्हणून माझ्या लेखी कमिशन कितीही असो, हा सौदा महागच.