परतीचे बळ

कार्तिक उजाडतो, पावसाने भिजलेल्या वाटा टणक होतात आणि पहाटेच्या गारव्यात सायकल बाहेर काढावीशी वाटते. अलीकडे अनेक घरांत रुंद टायरची, गिअरची सायकल दिसते. बहुधा ती मुलांसाठी हौसेने घेतलेली असते आणि काही महिन्यांनी पडवीत धूळ खात उभी राहते. या सायकलीचे खरे क्षेत्र डांबरी रस्ता नसून रानवाट आहे, आणि पालघर जिल्ह्यातील कुटुंबांना अशा वाटा दूर शोधाव्या लागत नाहीत. मात्र रानवाटेवर सायकल चालवणे हा शरीराच्या दृष्टीने निराळाच व्यायाम आहे. तो समजून केला, तर आईवडील आणि शाळकरी मुले यांना एकत्र करता येतो. न समजता केला, तर पहिल्याच दिवशी गुडघा, मनगट किंवा हृदय यांवर नको तो ताण येतो.

डहाणू तालुक्यातील वरोरचे उदाहरण घेऊ. पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस वाणगाव स्थानकापर्यंत जवळजवळ सपाट जमीन. लोहमार्ग आणि पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडला, की चारोटी-कासा भागात जमीन उंचसखल होते आणि साग, ऐन, खैर यांचे रान सुरू होते. या रानात सूर्या नदीवर धामणीचे मोठे धरण आहे आणि त्याच्या खालच्या अंगाला कवडासचा बंधारा. तलासरी तालुक्यात दापचरीजवळ कुर्झे धरण आहे. जलाशयांच्या आसपासच्या पाड्यांना जोडणाऱ्या बैलगाडीच्या वाटा आणि पायवाटा याच आपल्याकडच्या डोंगरी सायकलीच्या वाटा होत. त्या सायकलस्वारांसाठी कोणी आखलेल्या नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

वरोरहून धामणीला जाऊन-येऊन अंतर ऐंशी किलोमीटरांहून कमी नाही. कुटुंबाने ते एका दिवसात सायकलीवर कापण्याचा हट्ट धरू नये. सायकली टेम्पोत घालून कासापर्यंत न्याव्यात आणि रानातील दहा-बारा किलोमीटरच सायकलीवर करावेत. खडकाळ, चढउताराच्या वाटेवरील दहा किलोमीटर सपाट रस्त्यावरील त्याच अंतराहून कितीतरी अधिक थकवतात.

असे का होते? डांबरी रस्त्यावर पाय एका लयीत फिरतात आणि वरचे शरीर बहुतांशी स्वस्थ असते. रानवाटेवर छोटा चढ आला, की अर्धा मिनिट मांड्यांना पूर्ण जोर लावावा लागतो आणि नाडी झपाट्याने वाढते. लगेच उतार लागतो आणि तेथे हात, खांदे, पाठ व पोटाचे स्नायू तोल सांभाळतात. ताण आणि विसावा यांची ही अदलाबदल हृदय-फुप्फुसांना उत्तम सराव देते. पण ज्याच्या शरीराला सवय नाही, त्याला पहिले काही चढ उत्साहाच्या भरात सोपे वाटतात आणि थकवा एकदम, बहुधा परतीच्या वाटेवर, जाणवतो.

या सायकलीचा इतिहासही हेच सांगतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅरिन काउंटीत काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावरून वेगाने खाली आणत. उतरणे मजेचे होते. वर जाताना मात्र सायकली ढकलाव्या लागत किंवा मालमोटारीत घालून न्याव्या लागत. पुढे त्यांना गिअर जोडले गेले, तेव्हा चढ चढून परतणे शक्य झाले आणि खऱ्या अर्थाने डोंगरी सायकल जन्मली. १९९६ साली अटलांटा येथे हा क्रीडाप्रकार ऑलिम्पिकमध्ये आला.

म्हणून या व्यायामाचा पहिला नियम असा: अंगातील बळाचे तीन भाग करावेत, एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि तिसरा अडचणीसाठी. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी यात वाऱ्याचाही हिशेब धरावा. पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि मंद असतात. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि ते अधिक जोमदार असतात. सकाळी वरोरहून पूर्वेकडे निघालेला सायकलस्वार दुपारी परतताना थकलेल्या पायांनी समोरच्या वाऱ्याशी झुंजतो, तेही डोक्यावर ऊन असताना. किनारी पट्ट्यातील सरावफेरी म्हणूनच सकाळी नऊच्या आत संपवावी.

श्रम किती करावेत, याचे सर्वांत सोपे मोजमाप म्हणजे बोलणे. चालवताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले, तर श्रम मध्यम आहेत. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर ते जास्त आहेत. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांची नाडी श्रमातही फारशी वाढत नाही. मनगटावरील घड्याळाच्या आकड्यांपेक्षा त्यांना हीच कसोटी अधिक उपयोगी. हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी आणि चाळिशीनंतर प्रथमच असा व्यायाम करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ, घेरी यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबावे. ‘एवढा चढ संपवू आणि मग बसू’ हा विचारच घातक ठरतो.

सायकलीची सीट योग्य उंचीवर असणे गुडघ्यासाठी महत्त्वाचे. पेडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली, तर गुडघा सरळ व्हावा. म्हणजे चवड्याने चालवताना तो किंचित वाकलेला राहतो. चढ लागण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा. उतारावर सीटवरून थोडे उठावे, गुडघे व कोपरे सैल ठेवावीत आणि दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत. केवळ पुढचा ब्रेक जोरात दाबल्यास माणूस हँडलवरून फेकला जातो. करंगळीला मुंग्या येऊ लागल्या, तर तळहातावर भार जास्त पडतो आहे असे समजावे व हाताची पकड बदलत राहावी.

मुलांच्या बाबतीत हेल्मेटवर तडजोड नको. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर, सरळ बसावे, आणि एकदा जोरात आपटले की बदलावे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे आणि प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे. रविवारची एक रानफेरी त्यात मोलाची भर घालते. फेरीचा वेग मात्र सर्वांत धाकट्या सदस्याने ठरवावा.

तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. खाण्यासाठी गूळ-शेंगदाणे, नाचणीची भाकरी आणि आपल्याच वाड्यांतील चिकू उत्तम. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यातील साखर श्रमाच्या वेळी लवकर कामी येते. मधुमेहींनी मात्र प्रमाण आधी ठरवून घ्यावे.

रानात शिरताना आपण पाहुणे असतो. डहाणू तालुका केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. ओल्या वाटेवर चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या पुढच्या पावसात ओघळ होतात आणि माती वाहून जाते. म्हणून वाटा सुकल्याशिवाय जाऊ नये. मोळी घेऊन येणाऱ्या बाईला, गुरांना, शाळेच्या मुलांना थांबून वाट द्यावी. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले जमिनीवर पडतात. ती वेचणे हे तेथील कुटुंबांचे उत्पन्न आहे, चाकाखाली घालण्याची शोभा नव्हे. धरणाच्या भिंतीवर किंवा राखीव वनात जाण्यापूर्वी संबंधित खात्याची परवानगी घ्यावी आणि जलाशयात उतरू नये.

एकट्याने जाऊ नये. कोठे जातो व केव्हा परतणार, हे घरी सांगावे. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. अवयव स्थिर ठेवून १०८ वर दूरध्वनी करावा आणि रुग्णालय गाठावे. रानात दूरध्वनी लागेलच असे नाही, म्हणून जवळचा पाडा कोणता, हे आधीच पाहून ठेवावे.

प्रारंभ आपल्या गावातूनच करावा. पहिले चार आठवडे वाडीच्या आतल्या गल्ल्यांतून, अवजड वाहनांचा रस्ता टाळून, आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास सायकल चालवावी. पाचव्या आठवड्यात रानाकडे निघावे, आणि पाय अजून ताजे आहेत असे वाटत असतानाच मागे वळावे.