जर्मनीला हवी आहे परिचारिका
फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला: कुशल मनुष्यबळ पाठवायचं, त्यात परिचारिकाही. वाटूर फाट्यावरून जालन्याला नर्सिंग शिकायला जाणाऱ्या मुलीने ही संधी जरूर घ्यावी. कंत्राटी पगारावर तिला इथे अडवून ठेवण्याचा हक्क कुणालाच नाही. पण परिचारिका म्हणून तिथल्या नोंदणीसाठी जर्मन भाषा साधारण ‘बी-२’ या वरच्या-मध्यम पातळीपर्यंत यावी लागते. महिनोन्‌महिने अभ्यास, आणि त्याचा भार तिच्या वडिलांच्या सोयाबीनवर पडता कामा नये. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेची २०१०ची संहिता सांगते, की माणसं नेणाऱ्या देशाने पाठवणाऱ्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेलाही हातभार लावावा. मग मराठवाड्यातल्या नर्सिंग महाविद्यालयांसाठी शिक्षक आणि प्रयोगशाळा जर्मनीकडे हक्काने मागाव्यात. परतूर-मंठ्याच्या बाळंतिणींनाही नर्स लागते.